परदेशातील चाकरी आणि तिचा परवाना

सुरत-भुसावळ लोहमार्गावर आमच्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूर नावाचे स्टेशन आहे. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा सरहद्दीची रेघ नेमकी ह्या स्टेशनावरून गेली. त्यामुळे फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत, तिकिटाची खिडकी ह्या राज्यात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी त्या राज्यात, अशी तेथील व्यवस्था आहे. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे हातात कोयता घेऊन दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जातात. त्यांच्या वाट्यास येणारे कष्ट थोडे नाहीत. अशा परप्रांती मजुरांसाठी १९७९ साली निराळा कायदा करावा लागला, ह्यावरूनच ते दिसून येते. तथापि ‘येथे काम करण्याचा तुम्हांस अधिकार नाही’ असे त्यांना त्या फलाटावर कोणी म्हणू शकत नाही. भारतभर कोठेही जावे, राहावे व धंदा करावा, हे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकास दिलेले आहे.

हीच रेघ दोन राष्ट्रांच्या मधली असली म्हणजे सर्व गोष्टी पालटतात. तेथे काम करणे हा हक्क राहत नाही. ती त्या राष्ट्राने दिलेली अनुज्ञा होते. आणि अनुज्ञा म्हटली की तिला अटी आल्या. हल्ली आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरचे एखादे तरी माणूस अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत किंवा आखाती मुलखात असते. मुलाचा पगार किती, घर केवढे, बर्फ किती पडते, ह्याची खडान्‌खडा माहिती घरातील वडील मंडळींस असते. परंतु तो ज्या कागदाच्या आधारावर तेथे राहत आहे, त्या कागदात काय लिहिले आहे, हे विचारले असता बहुधा कोणासच सांगता येत नाही. म्हणून ह्या लेखात त्या कागदाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तीन कागदांमधील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पहिला कागद पारपत्र, म्हणजे पासपोर्ट. तो आपल्या सरकारने दिलेला असतो आणि हा मनुष्य कोण व कोणत्या देशाचा, एवढेच सांगतो. दुसरा व्हिसा. तो परकी सरकार देते व आमच्या दारापर्यंत येण्यास हरकत नाही, असे सांगतो. तिसरा काम करण्याचा परवाना. कित्येक देशांत हा व्हिसाच्या पोटातच असतो, कित्येकांत निराळा काढावा लागतो. देशातील पहिली आधारपत्रे २०१० च्या सप्टेंबरात आमच्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावी वाटण्यात आली. तेव्हा कागदाचे महत्त्व आमच्या जिल्ह्यास नवे नाही. परंतु मनुष्याची ओळख सांगणारा कागद निराळा आणि त्याने काय करावे हे सांगणारा कागद निराळा. व्हिसा मिळाला म्हणजे काम करण्यास मोकळीक मिळाली, असे समजणे हेच पुष्कळ आपत्तींचे मूळ होय.

ही व्यवस्था फार प्राचीन आहे, असेही नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यास अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांना अडविणारे परकी सरकार नव्हते, आपलाच समाज होता. समुद्रपर्यटनास संमती द्यावी की न द्यावी, ह्याचा खल ज्ञातीच्या बैठकींत होत असे. दुसऱ्या बाजूस, त्याच शतकात मुंबई बंदरातून कोकणातील मराठी मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जात होते. त्यांस करारनाम्यावर अंगठा उमटवावा लागे, आणि त्या कराराने ते एका मळेवाल्याशी काही वर्षांपुरते बांधले जात. इंग्रजीतील ‘अ‍ॅग्रीमेंट’ ह्या शब्दाचाच अपभ्रंश ‘गिरमिट’ असा झाला. ही गिरमिटाची भरती १९१७ साली थांबविण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेने जवळजवळ सर्व आशियातील लोकांना आपली दारे लावून घेतली. १९४६ साली कायदा होऊन हिंदी लोकांस वर्षाला सुमारे शंभर जागा देऊ करण्यात आल्या, आणि १९६५ च्या कायद्याने ती दारे खऱ्या अर्थाने उघडली. सारांश, जाण्याची परवानगी पूर्वी ज्ञातीकडे मागावी लागे, ती आता परकी सरकारकडे मागावी लागते. आणि गिरमिटातील ‘अमुक एकाचेच काम’ ही अट आजच्या परवान्यातही पुष्कळ अंशी शिल्लक आहे.

परवान्याचा कागद वाचावा कसा? आम्ही जन्मभर मुलांस संस्कृत शिकविले. आम्हांस ह्या कामी व्याकरणातील सहा कारकांची आठवण होते. वाक्यातील क्रियेशी ज्यांचा साक्षात संबंध येतो ती कारके. परवाना म्हणजे ‘काम करणे’ ह्या एका क्रियेचे वाक्य आहे, असे समजून प्रत्येक कारक शोधीत गेले असता कोणताही परवाना उलगडतो.

कर्ता, म्हणजे काम कोणी करावयाचे. परवाना एका व्यक्तीचा असतो. तिचे नाव, जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक ही अक्षरशः जुळली पाहिजेत. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पारपत्रावर दुसरे व विवाहानंतर तिसरे, असा प्रकार होतो. तो घरी असतानाच दुरुस्त करून घ्यावा.

कर्म, म्हणजे कोणते काम. अमेरिकेचा एच-१बी परवाना विशेष शिक्षणाची गरज असलेल्या धंद्यासाठीच आहे. वर्षाकाठी अशा ६५,००० जागा व त्या देशात वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा असतात. ज्या कामाचे वर्णन अर्जात केले, तेच काम करावयाचे. संगणकाचे काम करणाऱ्या गृहस्थाने सायंकाळी दुसऱ्याच्या उपाहारगृहात पगारी काम धरले, तर ते त्या परवान्यात बसत नाही. विद्यार्थ्यांस तर तासांचीही मर्यादा आहे. इंग्लंडात पदवीचा अभ्यास करणाऱ्यास सत्र चालू असता आठवड्यास २० तासांहून अधिक काम करता येत नाही आणि स्वतःचा धंदा तर मुळीच करता येत नाही.

करण, म्हणजे कशाच्या साधनाने. कोणत्या विद्येच्या बळावर. ह्या बाबतीत जर्मनीचे उदाहरण बोधप्रद आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग ह्या राज्याशी करार केला व परिचारिका, वीजकाम व नळकाम करणारे, वाहनचालक अशा कुशल माणसांपैकी पहिल्या टप्प्यात दहा हजार जण पाठविण्याचा मनोदय जाहीर केला. आमच्या भागातील तरुणांस ही संधीच होय. परंतु आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र जर्मनीत नेले की काम झाले, असे नव्हे. ते प्रमाणपत्र तेथील शिक्षणाच्या तोडीचे आहे, असा निर्वाळा बहुतेक धंद्यांत तेथील अधिकाऱ्यांकडून मिळावा लागतो, आणि जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते ती निराळीच. ज्याने ‘करण’ सिद्ध केले नाही त्याची ‘क्रिया’ घडत नाही.

संप्रदान, म्हणजे कोणासाठी. सर्वांत अधिक दुःख ह्याच कारकात आहे. एच-१बी हा ज्या मालकाने अर्ज केला त्याच्यापुरता असतो. दुसऱ्या मालकाकडे जाणे असेल तर त्या दुसऱ्याने नवा अर्ज भरावा लागतो. नोकरी सुटली तर बहुधा ६० दिवसांची मुदत मिळते; तेवढ्यात नवा मालक शोधावा, अन्य प्रकारचा परवाना मागावा, किंवा बिऱ्हाड गुंडाळावे. इंग्लंडातही मालकाचे पाठबळ गेले म्हणजे साधारण तितकीच मुदत देण्यात येते. आखाती देशांत ही बांधिलकी ‘कफाला’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. कतारने २०२० साली, जुन्या मालकाच्या संमतिपत्रावाचून नोकरी बदलता येईल, असा कायदा केला, ही समाधानाची गोष्ट. जर्मनीच्या ‘ब्लू कार्ड’वर मात्र पहिले वर्ष सोडले तर नोकरी बदलणे पुष्कळच सुलभ आहे. मुलाची नोकरी कोणत्या जातीच्या परवान्यावर आहे हे ठाऊक असेल, तर ‘साहेबाशी पटत नाही तर सोडून दे’ असा सल्ला द्यावा की न द्यावा, हे घरच्यांस कळेल.

अपादान, म्हणजे कोठून. येथे आम्ही ‘वेतन कोठून येते’ असा अर्थ घेतो. नोकराच्या परवान्यात ते त्या देशातील मालकाकडून यावयाचे असते. पण अलीकडे ह्याच्या अगदी उलट असे परवाने निघाले आहेत, त्यांचा विचार पुढे करू.

अधिकरण, म्हणजे कोठे व केव्हा. स्थळ आणि काळ हे दोन्ही परवान्यात असतात. एच-१बी एका वेळी तीन वर्षांपर्यंत व साधारणतः एकूण सहा वर्षे मिळतो. आणि कामाची जागा दूरच्या दुसऱ्या गावी हलली तर मालकाने सुधारलेला अर्ज करावा लागतो. म्हणजे शिकागोच्या कचेरीसाठी परवाना आणि मनुष्य घर करून बसला डॅलसला, हे मालकाच्या संमतीने झाले तरी कायद्यास चालत नाही.

आता स्वतंत्र व्यावसायिकांकडे वळू, ज्यांस ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. भाषांतर करणारे, चित्रे काढणारे, संगणकाचे काम कंत्राटाने घेणारे, असे पुष्कळ तरुण आज घरबसल्या चार देशांतील चार गिऱ्हाइकांची कामे करितात. ह्यांच्या वाक्यात एक ठरलेले संप्रदान नसते, आणि जुने परवाने तर मालकाभोवतीच रचलेले! म्हणून ‘माझा कोणी मालक नाही, मग परवाना कशाला’ असे कित्येकांस वाटते. वस्तुतः मालक नसला तर परवान्याची गरज नाहीशी होत नाही. परवान्याची जात तेवढी बदलते. जर्मनीच्या वास्तव्यविषयक कायद्यात लेखक, शिक्षक, भाषांतरकार, अभियंते अशा स्वतंत्र व्यवसायांसाठी स्वतंत्र कलम आहे, आणि पंचेचाळीस वर्षांवरील अर्जदाराने म्हातारपणाची तरतूद दाखवावी, अशी सावध अटही साधारणतः घातलेली आहे. संयुक्त अरब अमिरातींनी २०२२ साली पाच वर्षांचा ‘ग्रीन व्हिसा’ काढला, त्यात अशा व्यावसायिकांचा समावेश केला. एस्टोनिया ह्या लहानशा राष्ट्राने २०२० साली निराळीच वाट पाडली: आमच्या देशात राहा, पण वेतन बाहेरच्या मालकाकडून किंवा गिऱ्हाइकांकडून मिळवा. स्पेनने २०२३ मध्ये तसाच परवाना सुरू केला, आणि स्वतंत्र व्यावसायिकास स्पेनमधील गिऱ्हाइकांचे काम आपल्या एकूण धंद्याच्या पंचमांशापेक्षा अधिक करण्यास बंदी ठेविली. अपादान कारक महत्त्वाचे ठरते ते असे.

प्रवासी म्हणून गेले असता बरोबरच्या संगणकावर घरचे काम करावे काय, हा प्रश्नही वारंवार येतो. इंग्लंडने २०२४ च्या जानेवारीअखेरीपासून आपल्या नियमांत स्पष्ट केले आहे की, पाहुण्याने आपल्या देशातील नोकरीचे काम अधूनमधून केल्यास चालेल. मात्र येण्याचा मुख्य हेतू ते काम हा नसावा. प्रत्येक देश इतके स्पष्ट बोलत नाही. जेथे नियम मोकळेपणाने लिहिलेला नाही तेथे तो आपल्या सोयीचा आहे असे मानू नये.

व्याकरणात षष्ठी विभक्तीला कारक मानीत नाहीत. ‘रामाचा पुत्र’ म्हटले असता संबंध कळतो; क्रियेत त्याचा भाग असतोच असे नाही. परदेशी गेलेल्या कुटुंबातील पत्नीची स्थिती पुष्कळदा ह्या षष्ठीसारखी होते. एच-१बी धारकाच्या पत्नीस किंवा पतीस एच-४ मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते. काम मात्र करता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून ह्यातील काही जणांना निराळा परवाना मागण्याची मुभा मिळाली. पण ती मुख्यत्वे ज्यांच्या जोडीदाराचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे, त्यांच्यापुरतीच. म्हणजे येथे एम.एस्सी. होऊन नोकरी करणारी मुलगी लग्न होऊन तिकडे जाते आणि कित्येक वर्षे तिचे शिक्षण कपाटात पडून राहते. जर्मनीत कुशल कामगाराच्या पत्नीस काम करण्यास मोकळीक असते. इंग्लंडातही नोकरदाराच्या पत्नीस बहुधा ती असते. मग विवाह ठरविताना मुलाचा पगार विचारणाऱ्यांनी सुनेच्या कामाच्या परवान्याची चौकशी करू नये काय? पत्रिकेतील गुण जुळविण्याइतकाच वेळ ह्या चौकशीस लागतो, आणि तिचा परिणाम त्या मुलीच्या ऐन उमेदीच्या वर्षांवर होतो.

येथे वडील मंडळींस आमचे एक निक्षून सांगणे आहे. सून घरी बसून कंटाळली म्हणजे आपण तिला सहज सुचवितो: ‘चार मुलांच्या शिकवण्या घे’, ‘गाण्याचा वर्ग काढ’, ‘दिवाळीचे फराळाचे करून वीक’. भावना चांगली, परंतु परवाना नसताना मोबदला घेऊन केलेली शिकवणी हे कायद्याच्या दृष्टीने काम होय, आणि त्यापायी तिचा पुढील अर्ज नामंजूर होऊ शकतो. नातवंडे सांभाळण्यास पाहुणे म्हणून गेलेल्या आजीने स्वतःच्या नातवास न्हाऊमाखू घालावे, त्यास कोण हरकत घेईल? पण शेजारची दोन मुले पैसे घेऊन सांभाळली, तर ती पाहुणी राहत नाही, विनापरवाना नोकर होते. अपराध अजाणता घडला, ही सबब परकी कचेरीत उपयोगी पडेल असे धरून चालू नये.

कोणी म्हणेल की, हा परक्यांचा जुलूम आहे. त्यास आमचे उत्तर असे की, आपला देशही परकीयास हेच नियम लावितो. भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी मनुष्यास नोकरीचा निराळा व्हिसा घ्यावा लागतो, आणि भाषाशिक्षक, त्या त्या देशाचे आचारी असे काही अपवाद सोडले तर त्याचे वेतन सालिना १६ लक्ष २५ हजार रुपयांहून कमी नसावे, अशी अट ठेविलेली आहे. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावी जिल्हा पोलीस अधीक्षक हेच परदेशी माणसांच्या नोंदणीचे अधिकारी असतात. आपली जी नातवंडे तिकडे जन्मून तिकडची नागरिक झाली, त्यांनाही येथे राहून नोकरी करावयाची तर परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड काढलेले बरे. ते नसेल तर त्यांसही इतर परदेशी माणसांप्रमाणे व्हिसा मागावा लागेल.

शेवटी आपल्या सरकारच्या एका नियमाविषयी सांगावयाचे आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये जो मनुष्य मॅट्रिक झालेला नाही, त्याला आखाती देश, मलेशिया वगैरे अठरा देशांत नोकरीस जावयाचे असता ‘उत्प्रवासी संरक्षक’ नावाच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्याचा करार, मालक, वेतन ही तपासली जातात व विमा उतरवावा लागतो. नोंदणी झालेल्या दलालास ह्या कामी ३० हजार रुपये व त्यावरील कर ह्याहून अधिक मोबदला घेता येत नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पारपत्रावर हे बंधन नसते.

आमच्या जिल्ह्यातील एक तरुण दहावी झालेला होता. एका मध्यस्थाने त्याला पाहुण्याच्या व्हिसावर आखातात धाडले, ‘तेथे पोहोचल्यावर कामाचा परवाना करून देतो’ असे आश्वासन देऊन. परवाना झालाच नाही. तीन महिने दुसऱ्यांच्या खोलीत दडून राहून तो परत आला, तो आईच्या पाटल्या सावकाराकडे ठेवून आणलेल्या पैशांवर. त्याच्यापेक्षा कमी शिकलेला त्याचा चुलतभाऊ रीतसर मंजुरी घेऊन गेला होता. त्याच्या करारावर सही, शिक्का, वेतनाचा आकडा सर्व काही होते. शिकलेला फसला व न शिकलेला तरला, ह्याचे गावास नवल वाटले.

आम्हांस त्याचे नवल वाटले नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सरकारने वाचणारा नेमला आहे. मॅट्रिक झालेला स्वतः वाचील, असे गृहीत धरून तो वाचणारा काढून घेतला आहे. पारपत्रावरील त्या एका नोंदीचा खरा अर्थ हाच. आम्ही वर्गात मुलांस उत्तीर्ण होण्याचे मार्ग पुष्कळ सांगितले. उत्तीर्ण झाल्यावर आपल्या पाठीशी कोणी उभा राहत नाही, हे सांगण्याचीही गरज होती. तेव्हा घरातील मुलगा, मुलगी किंवा सून परदेशी निघाली असता देवापुढे पारपत्र ठेवण्याआधी सर्वांनी एकत्र बसून तो परवाना वाचावा. कोणी, कोणते, कशाच्या बळावर, कोणासाठी, कोठून व कोठे, हे सहा प्रश्न मोठ्याने विचारावे. ज्याचे उत्तर कागदात सापडत नाही, ते दलालाच्या तोंडून घेऊ नये; त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी मागवावे. आणि उत्तर हाती येईपर्यंत तिकीट काढू नये.